डोक्याला अंडं, पोटाला पेज

आधी एक सांगून ठेवते. हसनाबादला माहेरी असताना मी न्हाऊन ओट्यावर केस मोकळे सोडून बसले, की गल्लीत सावली पडायची आणि शेजारच्या म्हशी त्या सावलीला येऊन रवंथ करत बसायच्या. यातलं निम्मं सोडून द्या. म्हशी येत नसत, एखादी शेळी यायची. पण शेळी यायची, हे माझी आईसुद्धा सांगेल.

मुदतीच्या तापातून, म्हणजे टायफॉइडातून, उठलेल्या बायका अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात, केस मुठीनं येतात, काय लावू? म्हणून हे लिहायला घेतलं. लावायचं ते सगळं मी लावून पाहिलेलं आहे. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे दर दोन ओळींनी उठून मी फोडणीकडं बघून येते आहे. लिखाण उड्या मारत गेलं तर दोष तिकडं द्या.

लग्न होऊन जुन्या जालन्यात आले ते या केसांवरच. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, बघायला आल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही. मला पाठमोरी बसवलं, अंबाडा सोडायला लावला आणि वेणी हातात धरून भोपळा तोलतात तशी तोलली. मग म्हणाल्या, पोरगी आमची झाली. आमचे हे तेव्हा बाजूला बसले होते. कापडाच्या दुकानात आणि घरात, ते आजतागायत बाजूलाच बसलेले आहेत.

ताप

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पाऊस संपत आला होता आणि नळाला चहासारखं पाणी येत होतं. सकाळी मी बरी असायची, दिवस कलला की ताप चढायचा. पहिले काही दिवस मी तो लपवला, कारण ताप म्हटलं की झोपावं लागतं आणि झोपणं मला तुरुंगासारखं. शेवटी भाकरी थापता थापता परातीवरच कलंडले. तव्यावरची भाकरी इतकी जळली की तिचा कोळसा पुढं आठ दिवस दात घासायला पुरला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला. ह्यांनी विचारलं, म्हणजे मुदतीचा का? त्यांनी हो म्हटलं आणि आत्याबाई दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या त्या उठेचनात. मला आत न्यायचं सोडून सगळे त्यांनाच पाणी पाजू लागले. मनात म्हटलं, बघा, किती जीव आहे सुनेवर. खरं कारण मला फार नंतर कळलं.

दवाखाना एका माडीवर होता. खाली धान्याची दुकानं, हमालांच्या आरोळ्या, रिक्षांचे भोंगे, आणि वर मी, सलाईनला बांधलेली. बांधलेली हे खरं आहे. एकदा मी बाटली हातात धरून गॅलरीत फेऱ्या मारायला निघाले, तेव्हा सिस्टरनं माझं मनगट पट्टीनं पलंगाला बांधलं. सकाळी ताप मोजणं, मग गोळी, मग इंजेक्शन, मग समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचणं. सरळ वाचून झाली की उलटी.

भीती वाटली का, असं विचारतात. वाटली. ताप चढला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरून माझ्या छातीवर येऊन बसायचं. वाटायचं, हा श्वास गेला तर पुढचा कुठून आणायचा. आमच्या शेजारच्या रजियाखाला रोज यायच्या, सोड्याच्या दुकानातून बर्फ आणून फडक्यात गुंडाळून माझ्या तळपायांना लावायच्या आणि एक शब्दही बोलायच्या नाहीत. सगळे धीर देत असतात तेव्हा गप्प बसणारं माणूस फार बरं वाटतं. कुणाच्या दुखण्याला बघायला जाल तर एवढं ध्यानात ठेवा.

पेज

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी मऊ भात-वरण, मग हळूहळू सगळं खा. आत्याबाईंनी यातलं 'मऊ' तेवढं ऐकलं. मुदतीच्या तापात आतडी कागदाची होतात आणि ताप उलटला की माणूस हाती लागत नाही, असं आमच्याकडं पक्कं. मला पेज सुरू झाली. सकाळी तांदळाची, दुपारी साबुदाण्याची, संध्याकाळी मुगाचं वरचं पाणी. मूग मात्र खाली. पेज इतकी पातळ की तिच्यात बघून मी कुंकू लावत होते.

अंगाला आता ताप नाही, म्हणजे आजार नाही, म्हणजे कुणाला काही सांगायची सोय नाही. जिना चढले की गुडघे लटपटायचे. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की डोळ्यांपुढं काजवे. दिवसभर मी घरात अशी फिरायची की आत्याबाई म्हणायच्या, "एका जागी बस गं बाई, फरशी झिजायली."

मग दिवाळीनंतर केस गेले.

एक-दोन गेले असते तर मी लिहिलं नसतं. फणी फिरवली की फणीलाच वेणी यायची. न्हाणीची मोरी तुंबली, उशीच्या अभ्र्याला लव फुटली. आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई यायची. फणीचे निघालेले केस घ्यायचे आणि बदल्यात वाटी, चमचा द्यायचा, हा तिचा धंदा. त्या हिवाळ्यात ती आमच्या दारासमोरून हलेना. आमच्या सुमनच्या रुखवतातली निम्मी भांडी माझ्या डोक्यातून निघाली, असं मी सांगते. सुमन म्हणते एक वाटी निघाली. तिला काय माहीत.

सुमन ही माझी नणंद. तिचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं आणि माझ्या जिवाला घोर होता तो त्याचाच. आमच्या घरची रीत अशी की नवरदेवाचं वऱ्हाड दारात आलं की थोरल्या सुनेनं डोक्यावर भरली कळशी घेऊन सामोरं जायचं. सुनेला घरात काय जागा आहे, ते त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना दिसतं. आत्याबाईंनी मला निवडलं ते हेच डोळ्यांपुढं धरून. नारळाएवढ्या अंबाड्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर कळशी. आणि आता माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. संक्रांतीच्या सुमारास आत्याबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, तुझी तब्येत तोळामासा, कळशी चुलत जाऊबाई घेईल. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या डोक्याकडं बघत होत्या.

कळशी गेली तर त्या घरात मी फक्त पेज पिणारी बाई उरणार होते.

लावणं

अंड्याची गोष्ट रजियाखालांनी काढली. त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या. "अंडा लगा बेटी, बालां को ताकत आती." आमचं घर माळकरी. अंड्याचं नाव घेतलं तरी आत्याबाई चूळ भरायच्या. पण लग्न जवळ येत होतं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि निकाल दिला, "डोक्याला लावायला हरकत न्हाई. डोकं काही खात न्हाई."

मग नियम ठरले. अंडं मागच्या दारानं येणार. न्हाणीपाशी करवंटीत फुटणार आणि करवंटी लगेच उकिरड्यावर जाणार. त्यात घालायचं दही स्वयंपाकघरातून येणार, पण आत्याबाई ते इतक्या उंचावरून ओतणार की भांड्याला भांडं लागू नये. निम्मं दही माझ्या पायावर पडायचं. माझे पाय त्या वर्षी फार मऊ झाले.

पहिल्याच वेळी घात झाला. थंडी कडाक्याची, म्हणून मी बंबातलं कढत पाणी डोक्यावर घेतलं. अंड्यावर कढत पाणी पडलं की काय होतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. डोक्यावरच भुर्जी झाली. प्रत्येक केसाला दाणा. सुमन ते वेचत बसली आणि जुन्या जालन्यातली सगळी मांजरं आमच्या भिंतीवर येऊन बसली. आत्याबाई घरभर उदबत्ती फिरवत होत्या. तेव्हा बायांनो, अंडं लावलं तर गार पाण्यानंच धुवा आणि वरून शिकेकाई लावा. हा एक सल्ला तरी मी पूर्ण खात्रीनं देऊ शकते.

मग उडदाची डाळ. रात्रभर भिजवून वाटायची, जाडसर थापायची, वाळेपर्यंत बसायचं. वाळली की कपाळ असं ओढलं जायचं की भुवया वर राहायच्या. दारात आलेली प्रत्येक बाई समजायची, मला तिचं बोलणं फार नवलाचं वाटतंय, म्हणून ती अजून बोलायची. मग दह्यातली मेथी, मग दुधात भिजवलेली मसूर, मग साय. सायीला मुंग्या आल्या, त्या केसांतून वाट काढत गेल्या, आणि मुंग्यांना केस दाट आहेत असं वाटलं असेल याचाच मला त्यातल्या त्यात आनंद. लेप लावल्यावर केस मऊ लागायचे, चमकायचे, हे खरं सांगते. पण मऊ आणि चमकदार होऊन ते गळायचे.

सगळ्यात अवघड होतं ते लेप वाळेपर्यंत बसणं. मी उन्हात पाटावर बसलेली, पाय हलतायत, डोक्यावर अंडं, दही, उडीद, मेथी, मसूर, म्हणजे तालमीतल्या पैलवानाचा खुराक. आणि हातात वाटी. वाटीत पेज.

असं कितीतरी चाललं. फाल्गुनात एका दुपारी लेप लावून बसले होते, आणि बसवेना म्हणजे बसवेना. कपाळ खाजतंय, पाठीवरून पाणी ओघळतंय, आत सुमनच्या साड्यांना फॉल लावायचं चाललंय. मी उठले, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, कडेकडेचे केस भादरले आणि लेपासकट वेणी मुळाशी कापून टाकली. ती फरशीवर पडली तेव्हा केसांचा आवाज झाला नाही, वाळलेल्या उडदाचा झाला. पापड मोडल्यासारखा.

सवाष्णीनं आपल्या हातानं केस कापले. आत्याबाईंच्या हातातलं ताट पडलं. आमचे हे दुकानातून धावत आले. त्यांना वाटलं ताप मेंदूत गेला. जन्मात पहिल्यांदा ते बाजूला न बसता पुढं झाले आणि मला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

खत

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, डोक्याला हात लावून वास घेतला. मग विचारलं, काय काय लावलं? मी यादी सांगितली. मग विचारलं, काय काय खाल्लं? मी पेज सांगितली.

त्यांनी पेन बंद करून टेबलावर ठेवलं. "तू शेतकऱ्याची लेक ना गं? हसनाबादची?" मी मान हलवली. "मग खत मुळाला घालतात का शेंड्याला?"

त्या म्हणाल्या, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतातच, आणि बहुतेकांचे आपणहून परतही येतात. पण यायला अंगात काहीतरी लागतं. ताप जाऊन इतके महिने झाले, आता पोटाला कसलंही पथ्य नाही. डाळ खा, दाणे खा, दही-दूध खा, चालत असेल तर अंडं खा.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडं खा. 'चालत असेल तर' हे तीन शब्द रिक्षातून कुठंतरी पडले असावेत. रस्त्याला खड्डे फार होते. आत्याबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी छताकडं बघून म्हटलं, म्हणाल्या खऱ्या काहीतरी.

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी घेतलं नाही. भिंतीला टेकून बसल्या आणि अंड्याबद्दल चकार शब्द न काढता भलतंच सांगू लागल्या.

"माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तव्हा एवढासा व्हता, माझ्याच हाताखाली वाढला. त्याला मुदतीचा आल्ता. उतरला. पोरगं हसाय-बोलाय लागलं. म्हणालं, वहिनी, हुरडा दे. म्या आपल्या हातानं भाजून दिला. रातीला ताप उलटला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुला भाकरी द्यावं वाटत न्हाई का मला? तू घरभर फिरतीस अन् माझा हात डब्यापाशी जाऊन मागं येतो."

दवाखान्याच्या पायरीवर त्या का बसल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. मला एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं. तेव्हा उठून पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई म्हणाल्या, चल. मला हाताला धरून त्या रजियाखालांच्या अंगणात घेऊन गेल्या. पूर्वी त्या त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जात, आत कधी गेल्या नव्हत्या. खालांना म्हणाल्या, डॉक्टरनं औषध सांगितलंय, औषधाला सोवळं नसतंय. खालांनी अंडं उकडलं, सोललं, मीठ-मिरी लावून माझ्या हातावर ठेवलं. आत्याबाई कोंबड्यांच्या खुराड्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसल्या, नाकाला पदर लावून.

"संपलं का?"

"न्हाई अजून."

"गडबड नको. बारीक चावून खा."

मी खाल्लं. मला वाटलं माझ्या टाळूवर तिथल्या तिथं कोंब फुटतायत. आत्याबाई त्या दिवशी दर घटकेला माझ्या पोटाला हात लावून बघत होत्या, दुखतंय का, दुखतंय का. नाही दुखलं. संध्याकाळी त्यांनी मला भाकरी वाढली, वर मुगाचं घट्ट वरण, वर दाण्याची चटणी. पुढं रोज सकाळी आमची वरात खालांकडं. चैत्र सरता सरता माझ्या डोक्यावर नवी लव आली, हरभरा उगवून यावा तशी. ते अंड्यानं, वरणानं की आपोआप, हे देवाला ठाऊक. गुडघे लटपटायचे थांबले ते मात्र खाण्यानं, यावर मी शपथ घेईन.

कळशी

लग्नाच्या दिवशी चुलत जाऊबाई नटून तयार होत्या. आत्याबाईंनी चुंबळ उचलली आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. अंबाडा नसल्यानं ती बसेना, तर पदरावरून चोळीच्या कापडाची पट्टी बांधून बसवली. वर कळशी. मी निघाले. अंबाड्याशिवाय कळशी म्हणजे घसरगुंडीवरचं लेकरू. ती डावीकडं गेली की मी डावीकडं. लोक म्हणाले, सून नाचत सामोरी आली.

नवरदेवाच्या पायावर पाणी घातलं, कळशी उतरवली, आणि कळशीबरोबर पट्टी आली, पट्टीबरोबर पदर आला. माझं डोकं भर मांडवात उघडं. बोटाच्या पेराएवढे केस, उभे.

नवरदेवाची मावशी पुढं आली. "अगं बाई. सुनेच्या केसाला काय झालं? घरात काही दुखणं-बिखणं हाय का?"

वाजंत्री थांबलेली. सुमनचा चेहरा पांढरा. घरात दुखणं आहे म्हटल्यावर लग्नं मोडलेली आम्ही सगळ्यांनी ऐकलेली होती.

आत्याबाई म्हणाल्या, "गिरीच्या बालाजीला, तिरुपतीला, दिले तिनं केस. नणंदेचं चांगल्या घरी जमावं म्हणून नवस व्हता."

मावशीनं दोन्ही हात जोडले. मग तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. तिच्यामागं दुसऱ्या बाईनं, मग तिसऱ्या. मी आशीर्वाद देत उभी राहिले. मला ते छान जमलं.

लग्न पार पडलं, सुमन सासरी गेली, आणि आत्याबाई माळ हातात घेऊन बसल्या. मी खोटं बोलते तेव्हा त्यात मीठमसाला घालून सोडून देते. त्या माळ घातल्यापासून खोटं बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्या थेट देवाच्या नावानं. जेवण तुटलं. शेवटी म्हणाल्या, बालाजीला जावं लागंल, शब्द खरा करावा लागंल.

केस आता कुठं फणीत धरायला लागले होते. दिवसातून पंधरा वेळा मी आरशात बघत होते. ते पुन्हा द्यायचे? पण नाही म्हणायला तोंड कुठलं होतं. सुमनचं लग्न पार पडलं होतं ते त्या शब्दावरच.

गाडीनं गेलो. सगळा रस्ता मी खिडकीतून दारात आणि दारातून खिडकीत. हे बाजूला. केस द्यायच्या जागी पोचलो, रांगेत उभे राहिलो, ओल्या फरशीवर न्हाव्यांची ओळ. आमचा नंबर आला. मी मनात सगळ्या देवांना शिव्या देऊन पदर काढला आणि न्हाव्यापुढं बसले.

आत्याबाईंनी कोपराला धरून मला उठवलं.

"ऊठ."

"कामून?"

"बोलले मी. मंग डोकं तुझं कामून?"

मी काही म्हणेपर्यंत त्या बसल्या होत्या. एकच आकडा काढला, अंबाडा सुटला. पांढरे, विरळ केस, पण कमरेपर्यंत. त्यांचे केस कधी मोकळे बघितलेच नव्हते मी. न्हाव्यानं पाणी शिंपडलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या. मी पहिल्यांदाच एका जागी उभी राहिले, हललेसुद्धा नाही.

परतताना गाडीत त्या खिडकीशी बसल्या. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला. मी सावरायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरून खाली ठेवला.

"राहू दे," म्हणाल्या. "गार लागायलंय. बरं वाटायलंय."